सरहद्दीवरून परतलेली सिबिला

सिबिलाकडं माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या अंगावरच्या निळ्या रेशमी झग्यामुळं. झगा राजकन्या अमोएनाचा होता. आमच्या लिंडेनाख गावच्या चौकात, एप्रिलच्या चिखलात ती गाडीतून उतरली आणि विहिरीवरच्या बायका खिदळल्या.

"अगं बाई, राणीसाहेब परत आल्या! नवऱ्यानं टाकलं वाटतं!" पाववाली ट्रूडे ओरडली.

"टाकलं नाही, मावशी," सिबिला म्हणाली. "मला घेतलंच नाही."

तेव्हा ती सतरा वर्षांची होती. तिच्या आईनं राजकन्येला पाजलेलं. दोघी एकाच दुधावर वाढल्या होत्या. आमच्या ड्यूकची ही मुलगी उत्तरेकडच्या युवराजाला दिली, तेव्हा सिबिला तिच्यासोबत कायमची जाणार हे सगळे धरूनच चालले होते. पण तिकडची रीत वेगळी. सरहद्दीवर नदीकाठी एक लाकडी घर आहे. नवरीनं अलीकडच्या दारानं आत जायचं, अंगावरचा माहेरचा शेवटचा धागाही उतरवायचा, सासरचे कपडे घालून पलीकडच्या दारानं बाहेर पडायचं. उतरवलेले कपडे माहेरच्या दासींना मिळतात. माहेरची माणसं मात्र तिथूनच मागं फिरतात. हे त्या दोघींना आधी कुणी सांगितलं नव्हतं. परतताना थंडी वाजली म्हणून सिबिलानं तो झगा आपल्या कपड्यांवरच चढवला होता.

पलीकडच्या दाराशी अमोएना तिच्या कानात म्हणाली होती, "मुलगा झाला की सुनेला एक मागणं मागता येतं इथं. मी तुला मागेन. तोवर लग्न करू नकोस हं. लग्न झालेलीला आत घेत नाहीत."

हे सिबिलानं मला सांगितलं, कारण पत्रं माझ्याकडंच वाचायला आणावी लागत. तिकडच्या मुख्य मानकरीण बाई सुनेचं प्रत्येक पत्र तपासत आणि त्या दरबारात फ्रेंचच चाले, म्हणून पत्रं फ्रेंचमध्ये लिहिलेली असत. आणि गावात फ्रेंच येणारा मी एक शाळामास्तर. पत्रांत काही नसे. प्रकृती उत्तम, युवराज प्रेमळ, बाग सुंदर. सिबिला मान खाली घालून ऐके आणि शेवटी विचारी, "एवढंच, मास्तर?"

तिकडं काम करून आलेल्या एका शिंप्यानं खरं ते सांगितलं. युवराज वर्षातले आठ महिने शिकारीच्या बंगल्यात, दुसऱ्या बाईबरोबर. सून एकटी जेवते. जेवताना जर्मन शब्द तोंडातून गेला की मानकरीण बाई चमचा खाली ठेवतात, आणि मग सगळ्यांनीच ठेवायचा.

"मग उपाशीच उठते का हो ती?" सिबिलानं विचारलं.

अमोएनाला पहिली मुलगी झाली. दुसरीही मुलगीच. मग एक मूल मेलेलंच जन्मलं. इकडं सिबिला ड्यूकच्या धुलाईघरात लेसच्या कॉलरांना खळ लावत राहिली. मोजे विणणाऱ्या फोग्टनं तिला तीनदा मागणी घातली.

"अजून किती वाट बघायची?" तो एकदा माझ्यासमोरच म्हणाला.

"तिला मुलगा होईपर्यंत."

"आणि नाहीच झाला तर?"

"तर तुझे मोजे दुसरी कुणी घालेल, फोग्ट."

नवव्या वर्षी, मार्चमध्ये, चर्चच्या घंटा वाजल्या. मुलगा झाला होता. गावानं चौकात हिरव्या फांद्यांची कमान उभारली. सिबिलानं त्याच दिवशी धुलाईघरातलं काम सोडलं आणि पेटी बांधायला दोर मागायला माझ्याकडं आली.

"पत्र येऊ दे की," मी म्हणालो.

"पत्र कशाला, मास्तर? तिनं शब्द दिलाय."

तिकडची आणखी एक रीत मला माहीत होती. आनंदाची आणि दुःखाची बातमी ते लोक एका थैलीत घालत नाहीत. वारसाच्या जन्माचा उत्सव आठ दिवस चालतो, आणि ते संपेपर्यंत काळ्या लाखेचं पत्र राजवाड्याबाहेर पडत नाही. मी ते पुस्तकात वाचलं होतं, वर्गात मुलांना सांगितलंही होतं. त्या सकाळी मला ते आठवलं नाही. मी दोर दिला, गाठही मीच मारली.

सिबिला सरहद्दीच्या त्या लाकडी घराशी पोचली तेव्हा पलीकडून काळ्या लाखेची थैली घेऊन स्वार येत होता. अमोएना बाळंतपणानंतर दुसऱ्याच दिवशी गेली होती. आमच्या घंटा वाजल्या तेव्हा ती जिवंतही नव्हती. तिनं मागणं मागितलं का, हे सिबिलानं त्या स्वाराला विचारलं. त्याला कुठून माहीत असणार?

ती त्याच गाडीनं परतली. चौकातली कमान अजून तशीच होती. विहिरीवर या वेळी कुणी हसलं नाही. ट्रूडेनं तिच्या हातातली पेटी घेतली आणि म्हणाली, "चल पोरी, गरम सूप पी." सिबिला सूप प्यायली नाही. धुलाईघरात तिच्या जागी दुसरी मुलगी लागली होती. फोग्टनं त्या उन्हाळ्यात गिरणीवाल्याच्या विधवेशी लग्न केलं.

मी तिला एकदा म्हणालो, मला ती रीत ठाऊक होती, मी तुला थांबवायला हवं होतं.

"थांबले असते तर काय झालं असतं?" ती म्हणाली. "चार दिवस उशिरा कळलं असतं."

सिबिला आता एकोणचाळीस वर्षांची आहे. नदीकाठच्या इस्पितळात ती चादरी धुते आणि तिथल्याच स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहते.