मागच्या जन्मीचा भाऊ

पुनर्जन्माची कादंबरी सुचली कशी, असं लोक विचारतात. मी सांगते, सुचली नाही, मी तिच्यातच वाढले. माझा मागचा जन्म आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. मागच्या जन्मी मी माझ्या वडिलांची थोरली बहीण होते. लग्न ठरलेलं असताना, धनजच्या आमच्या वावरातल्या विहिरीत पडून मी मेले. पुढे काही वर्षांनी त्याच घरात, धाकट्या भावाची तिसरी मुलगी म्हणून परत आले. पुरावा माझ्या डाव्या घोट्यावर आहे, अंगठ्याएवढा काळपट डाग. आत्याला शेवटची अंघोळ घातली तेव्हा एका म्हातारीनं बाबांना सांगितलं होतं की हिच्या पायाला काजळाचं बोट लाव, परत आली तर ओळखू येईल. बाबांनी लावलं, आणि मी ते घेऊन आले.

यात कुणाला काही नवल वाटत नसे. दिवाळीत पाडव्याला मी बाबांना मुलगी म्हणून ओवाळायची आणि भाऊबीजेला बहीण म्हणून. भाऊबीजेला बाबा पाटावर बसायचे, मी त्यांना 'भाऊ' म्हणायचं, त्यांनी मला 'बाई' म्हणायचं. आत्या वयानं मोठी, म्हणून ओवाळून झालं की ते वाकून माझ्या पायाला हात लावायचे. लहानपणी मला गुदगुल्या व्हायच्या आणि मी हसत सुटायची. आजी डोळे वटारायची. मोठ्या दोघी बहिणी दारात उभ्या राहून बघायच्या. त्यांना मागचा जन्म नव्हता, त्यामुळे दुधावरची साय आणि आत्याच्या चांदीच्या तोरड्या दोन्ही माझ्याकडे आल्या.

शिक्षणही माझ्याकडेच आलं. आत्याला सातवीतून काढलं होतं आणि ती त्यासाठी रडली होती, हे आजीच्या मनात रुतून बसलेलं. "या खेपेले तिले शिकू द्या," असं तिनं बजावलं. बहिणींची दहावीनंतर लग्नं झाली. मी मात्र बी.ए. झाले, टायपिंग शिकले, लग्नाला नाही म्हटलं तरी घरात आदळआपट झाली नाही. मेलेल्या माणसाच्या मर्जीला आमच्याकडे जिवंतापेक्षा जास्त मान आहे.

आता मंगरूळपीरला तहसीलच्या समोर माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आई आणि आजी दोघी गेल्या, एसटीतून निवृत्त झालेले बाबा माझ्याजवळ राहतात. दिवसभर मी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करते आणि गिऱ्हाईक नसलं की कादंबरी. हे दोन्ही एकाच कीबोर्डावर केल्याचे परिणाम होतात. माझ्या नायकानं पहिल्या मसुद्यात नायिकेला प्रेमाची कबुली दिली ती "मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की" अशी. ते वाक्य काढताना मला खरंच वाईट वाटलं, कारण त्या माणसाला ते शोभत होतं.

कादंबरी अशी. बँकेतली एक अधिकारी बदली होऊन आडगावात येते. एका पडक्या विहिरीजवळ तिला दरदरून घाम फुटतो. गावातल्या गुरांच्या डॉक्टरला तीच विहीर स्वप्नात दिसत असते. दोघं प्रेमात पडतात, आणि मग तिला शंका येऊ लागते की मागच्या जन्मी मला ढकललं ते यानंच तर नाही? शिवाय तिचा मागच्या जन्मीचा भाऊ अजून जिवंत आहे. म्हातारा, बोलका, सगळ्यांचा लाडका. विहिरीचा विषय निघाला की मात्र तो पान लावायला घेतो.

माझी पहिली वाचक म्हणजे शेजारच्या मॅचिंग सेंटरवाली भाभी. ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यांमध्ये बसून ती प्रकरणं वाचते, आणि मी ती तिला खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठीवर छापून देते. उलट बाजूला कुणाचं तरी रेशनकार्ड असतं, तिला फरक पडत नाही. ती एकच प्रश्न विचारायची, "बाई, मारनारा कोन हाय थे सांग पैले." पुण्याच्या प्रकाशनातल्या संपादक बाई फोनवर हेच जरा सुधारून विचारायच्या. "वाचकाचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास बसलाय ना, खुनी तोच हवा," त्या म्हणाल्या.

एक दिवस भाभीनं पानं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "भाऊच हाय. थ्यानंच ढकललं."

"काहून?"

"सगळ्यात जास्त जीव थोच लावते. अन् इहिरीचं नाव काढलं का पान लावते."

ती तिच्या दुकानात निघून गेली आणि मी बराच वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसले. कारण भावाचं बोलणं, खोकणं, पान लावणं मी आमच्या घरूनच उचललं होतं. विहिरीवर काय झालं, असं मी बाबांना आयुष्यभर विचारत आले होते आणि त्यांनी दरवेळी "पाय घसरला" एवढंच सांगून पानाचा डबा ओढला होता. मला कधी विहिरीजवळ जाऊ दिलं नाही, पोहायला शिकू दिलं नाही, धनजला एकटी पाठवलं नाही. याला मी चाळीस वर्षं माया म्हणत होते. आता पहिल्यांदा मला भीती वाटली.

पण भीती वाटली म्हणून गोष्ट अर्धी टाकणाऱ्यांतली मी नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? न पाहिलेल्या विहिरीवर मी अख्खं पुस्तक रचत होते. दिवाळीच्या थोडं आधी दुकान बंद ठेवलं, कारंजाची एसटी धरली आणि तिथून ऑटोनं धनज गाठलं.

वावरात सोयाबीनची मळणी चालू होती, भुश्शानं नाक भरलं. बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, वावर करणाऱ्या माणसानं मला विहीर दाखवली. तिच्यावर आता लोखंडी जाळी आहे, बाजूला मोटारीची पेटी. आतल्या दगडी पायऱ्या वरून दिसतात. मी जाळी धरून उभी राहिले आणि वाट पाहिली. म्हटलं, आता अंगावर काटा येईल, किंकाळी ऐकू येईल, निदान चक्कर तरी. काही आलं नाही. मागच्या जन्मी मेलेली बाई आपल्या मरणाच्या जागी उभी राहिली आणि तिला तहान लागली. त्या माणसानं कॅनमधलं पाणी दिलं. ते पिऊन मी परत आले आणि वाटभर स्वतःवरच चिडले.

घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, बटईदारानं बाबांना फोन केला होता. जेवण झाल्यावर बाबांनी पानाचा डबा ओढला, आणि पान न लावताच परत सरकवला. त्या रात्री मी ठरवलं की विचारायचं. उत्तर काही का निघेना, पुस्तक त्यावरच उभं करायचं. आणि उत्तर भाभी म्हणते तसं निघालं तर? तर मला बाप उरणार नव्हता. तरी विचारायचं, कारण न विचारता रोज त्यांच्या ताटात भाकरी वाढणं मला जमलं नसतं.

मुलीनं विचारलं की बाबा टाळतात हे माहीत होतं. म्हणून मी भाऊबीजेची वाट पाहिली. त्या दिवशी मी थोरली बहीण असते, आणि ओवाळणी मागायचा हक्क बहिणीचा.

बाबा पाटावर बसले. टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्यांनी खिशात हात घातला आणि दरवर्षीसारखं विचारलं, "सांग बाई, काय टाकू तबकात?"

"इहिरीवर काय झालं थे टाक."

त्यांचा हात खिशातच राहिला. "पाय घसरला," ते म्हणाले.

"भाऊ, खरं सांग. मले कोनी ढकललं?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्या ध्यानात आलं की मी काय विचारतेय आणि कुणाबद्दल. एवढा म्हातारा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. "माह्यावर शक घेते तू?" ते म्हणाले. "पोरी, मी त वाशीमले होतो, परीक्षेले. घरी आलो तवा तिले अंगनात ठेवलं होतं. शेवाळावरून पाय घसरला, चार बायाइनं डोयानं पाह्यलं. कोनी ढकललं नाई."

"मंग इहिरीचं नाव काढलं का तुमी पान काहून लावता?"

निरांजनातली वात तडतडली. मी तबक खाली ठेवलं.

"इहिरीचं नाई," बाबा म्हणाले. "इहिरीचं बोलनं निंगालं का मंग काजळाचं निंगते. थे मले भेव."

मग त्यांनी सांगितलं. मी झाले तेव्हा तिसरी पोरगी म्हणून आजी बघायलासुद्धा आली नाही. आई भिंतीकडे तोंड करून पडून होती. बाळंतिणीला कुणी गरम पाणी देईना. बाबांनी मला हातात घेतलं तेव्हा घोट्यावरचा डाग दिसला. ते मला तसेच उचलून आजीपुढे घेऊन गेले आणि म्हणाले, पाह्य माय, बाई आली.

"म्या काजळ लावलं होतं थे तिच्या उजव्या पायाले," बाबा म्हणाले. "तुहा डाग निंगाला डाव्या पायावर. सांगनारी म्हातारी मरून गेली होती. काजळ लावलं तवा माय शुदीवर नोती. कोनता पाय थे मलेच ठाऊक. म्या सांगतलं, डावाच."

माझी साय, माझ्या तोरड्या, माझं बी.ए., न झालेलं लग्न, दुकान, सगळं एका पायावर उभं होतं, आणि तो पाय चुकीचा होता.

"मोठ्या दोघीइच्या टायमाले मले काई सुचलं नाई," ते म्हणाले आणि रडायला लागले. मला वाटतं, पान लावून ते इतकी वर्षं हेच वाक्य गिळत होते.

बाबांनी कुणाला मारलं नव्हतं म्हणून मला किती हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण त्याहून जास्त राग आला. मला माझा मागचा जन्म आवडत होता. त्यात मी देखणी होते, हट्टी होते, लग्नाआधी मेले होते. त्याच्या जागी आता फक्त एक नकोशी तिसरी पोरगी होती. काही दिवस मी बाबांशी कामापुरतंच बोलले. मग दुकानात बसून कादंबरीची पानं वाचली आणि अर्ध्याहून जास्त काढून टाकली. संपादक बाईंना कळवलं की खून रद्द. त्यांनी दोनदा फोन केला, समजावलं, वाचक चिडतील म्हणाल्या. मी म्हटलं, चिडू द्या.

नवा मसुदा मी हट्टानं लिहिला. दाखल्यांच्या हंगामात लिहिला, वीज गेली तेव्हा मोबाइलवर लिहिला. नायिकेला ढकलणारा शोधत सगळे फिरतात, ती डॉक्टरवर संशय घेते, त्याच्यापासून पळते, शेवटी कळतं की ढकलणारा कुणी नाहीच. ज्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास, त्या भावानं फक्त डागाचा पाय बदलला होता. आणि मग तिला ठरवावं लागतं की मागचा जन्म नसताना हा डॉक्टर आपल्याला हवा आहे का. विहिरीचं प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं. जाळी, पेटी, भुस्सा आणि तहान, जे पाहिलं तेवढंच.

शेवटचं पान संपवून भाभीनं मांडीवरच्या साडीच्या फॉलचा दोरा तोडला. "मारनारा नाई त नाई," ती म्हणाली. "पन खोटं बोलनारा लय जिगरवाला हाय." संपादक बाईंनी कुरकुरत का होईना, पुस्तक घेतलं. छापलेल्या प्रती आल्या त्या मी सगळ्यात आधी दोन्ही बहिणींना पाठवल्या. एकीनं फोनवर प्रत पोचल्याचं तेवढं सांगितलं. दुसरी म्हणाली, बाबाले म्हना, सुचलं तवा सुचलं, एक त वाचली.

यंदाच्या भाऊबीजेला मी पाट मांडला, रांगोळी काढली. बाबा खाटेवरून हलेनात. "आता कायले," ते म्हणाले. "तुले सारं समजलं. मी बाप हाव तुहा, कालच ओवाळलं तू मले."

"बस पाटावर, भाऊ," मी म्हटलं.

ते बसले. मी ओवाळलं. मग गुडघ्यावर हात टेकत ते दरवर्षीसारखे वाकले. दरवर्षी त्यांचा हात माझ्या उजव्या पायाला लागायचा, जिथं काहीच नाही, आणि ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. हात आधी तिकडेच गेला आणि थांबला. मग त्यांनी तो डाव्या पायावर ठेवला.