सव्वीस म्हणजे सवा बीस नाही

गेल्या मंगळवारी उल्हासनगर कॅम्प चारला एका जीन्सच्या गोडाऊनमध्ये पगाराचं बोलायला गेलो होतो. काम साधं... ऑनलाइन आलेल्या ऑर्डरी घडी करून पॅक करायच्या, लेबल लावायचं, कुरियरवाल्याच्या हातात द्यायच्या. आठवडाभर ट्रायल झाली होती आणि गोडाऊनच्या सिंधी सेठना काम आवडलं होतं.

घरून वेळेत निघालो. पण वाटेत दाल-पकवानची गाडी लागली, आणि तिथेच बाजूला एक काका शिलाई मशीनची मोटर खोलून बसले होते, ते बघत उभा राहिलो... वीस मिनिटं उशीर आणि शर्टावर चटणी.

माझं हे असंच आहे. चार वर्षांत सात नोकऱ्या झाल्या. घराची किल्ली दोनदा हरवली म्हणून आई मला किल्लीच देत नाही, ती येईपर्यंत मी बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमच्या बिल्डिंगखाली बसून असतो.

सेठनी चटणीकडे बघितलं. "पकवान अकेले खाके आया?" एवढंच म्हणाले आणि ऑफर सांगितली. अठरा हजार, सकाळी दहा ते रात्री आठ.

आजपर्यंत मी कुठेच पगारावर बोललो नव्हतो. देतील ते घ्यायचं आणि कंटाळा आला की गायब व्हायचं. पण या वेळी मी सतरा नंबरचा फॉर्म भरलाय... म्हणजे बारावी, बाहेरून. क्लास बदलापूरला, संध्याकाळी पाचला. आठपर्यंत गोडाऊनमध्ये अडकलो तर बारावी दुसऱ्यांदा सुटणार, आणि आता सुटली की मी काही ती परत धरणार नाही, हे मला माहीत होतं.

आई बदलापूर पश्चिमेला स्टेशनबाहेर भाजी विकते. तिची एक पद्धत आहे. भाव एकदाच सांगायचा आणि लगेच जुड्यांवर पाणी मारायला लागायचं. गिऱ्हाईकाकडे बघायचंच नाही. आपण बघितलं की ते भाव पाडायला लागतं, असं तिचं म्हणणं.

बाजूच्या गाळ्यातल्या पॅकरला चोवीस मिळतात, हे मला ट्रायलमध्येच चहाच्या टपरीवर कळलं होतं. सेठ खाली खेचणार म्हणून दोन वर ठेवले. मी म्हणालो, "सव्वीस. और टाइम सात से तीन." आणि टेबलावरच्या जीन्सच्या घड्या घालायला लागलो. वर बघितलं नाही.

"चल, हो गया," सेठ लगेच म्हणाले आणि हात पुढे केला. मीपण मिळवला. आईची पद्धत एवढी फास्ट चालते हे मला माहीत नव्हतं...

मग ते कागदावर लिहायला लागले. २०,२५०. खाली, १० ते ८.

घाबरलो की मी मराठीत घुसतो. सेठनी माझं सव्वीस ऐकलं होतं, सवा बीस. दोन सेकंद वाटलं, जाऊ दे, अठरापेक्षा जास्तच आहेत ना. पण तोंडातून निघून गेलं, "साईं, सवा बीस नहीं. सव्वीस. छब्बीस."

"हाथ मिलाके भाव बढ़ाता है?"

"भाव वही है, सुनने में फरक पड़ गया."

सेठ खुर्चीत मागे रेलून हसले. चाळीस वर्षं मराठी ऐकतोय, पण आकडे अजून धोका देतात म्हणाले. मग बावीस म्हणाले. मी घडी घातली. थोड्या वेळाने स्वतःच तेवीस म्हणाले. तिथे मी थांबलो, कारण मला खरं हवं होतं ते वेगळंच होतं, आणि ते सेठनी ऐकलंच नव्हतं. परत सांगितलं, "टाइम सात से तीन."

"पैसा ज्यादा और काम दो घंटा कम? वाह रे लाडसाब."

मग मी ट्रायलमध्ये बघितलेलं सांगितलं. कुरियरवाला अडीचला येतो. माणसं येतात दहाला, त्यामुळे रात्रीतून आलेल्या ऑर्डरींपैकी अर्ध्या दुसऱ्या दिवसावर जातात. मी सातला बसलो तर सगळा माल त्याच दिवशी निघेल.

"सात बजे शटर कौन खोलेगा? मैं तो तब सोया रहता हूँ."

याचा मी विचारच केला नव्हता... परत घड्या घालायला लागलो. या वेळी पद्धत वगैरे नव्हती. सेठनी ड्रॉवर उघडला आणि शटरची किल्ली माझ्यासमोर त्या घड्यांवर ठेवली. "तू खोल."

मी खरं सांगून टाकलं, घराची दोनदा हरवलीये. ते म्हणाले, "वो ढूँढते-ढूँढते मेरेवाली मत खो देना."

संध्याकाळी थेट आईच्या पाटीपाशी गेलो. सगळं ऐकून ती म्हणाली, "तीस सांगायचं होतंस." मग मी किल्ली दाखवली. तिने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, मेथी बांधायचा सुतळीचा तुकडा ओवला. कमरेच्या पिशवीतून घराची किल्ली काढून तीही त्यातच ओवली, गाठ मारली आणि गिऱ्हाईकाकडे वळली.

आता क्लासमध्ये बसून हे लिहितोय, सर अजून यायचेत. दोन्ही किल्ल्या खिशात आहेत... दर दहा मिनिटांनी हात लावून बघतो.