किलिमांजारोवर चाटूनपुसून

किलिमांजारोला जायचं निशाने ठरवलं आणि काळजी करण्याचं काम माझ्याकडे आलं. निशा माझी मैत्रीण, एडिनबराला पेन्शनच्या कंपनीत असते. फोनवर म्हणाली, "उत्तरेकडून चढायचं, दक्षिणेकडून उतरायचं. गाइड, तंबू, कुक, सगळं असतं. You just walk." मी इकडे इंग्लंडात मेडनहेडच्या लायब्ररीतून उंचीच्या आजारावरचं पुस्तक आणलं आणि मृत्युपत्र करावं का, असा विचार केला. पण मागे ठेवण्यासारखा फक्त हेअरड्रायर निघाला, म्हणून ते राहिलं.

जाणाऱ्यांसाठी: बूट इथेच घ्या आणि महिनाभर घालून फिरा. ऑफिसात हसतील, हसू द्या. टिपसाठी डॉलर सुटे ठेवा. नैरोबीहून टांझानियाच्या सीमेकडे जाताना रस्ता कमी आणि धूळ जास्त. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती. निशा, मी आणि ती कोंबडी यांत कोंबडीच सगळ्यांत शांत होती.

पहिल्या दिवशी मक्याची शेतं, मग जंगल, झाडांवर काळी-पांढरी माकडं. आमचा गाइड जोसेफ पन्नाशीचा. तो इतका हळू चालायचा की पोस्टातल्या रांगेची आठवण यावी. त्याच्या पुढे जाऊ नका, तो बरोबर असतो.

जोसेफ रोज तब्येत विचारायचा, पण उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. तो ताटं बघायचा. उंचीवर आधी भूक मरते, म्हणून जो ताट संपवतो तो ठीक, असा त्याचा हिशेब. "लोक खोटं बोलतात," तो म्हणायचा, "ताट बोलत नाही."

इथे माझं शिक्षण आडवं आलं. शाळेत जायच्या आधी आई आणि आत्याने मला घरीच शिकवलं: बाराखडी, पाढे, आणि ताटात काही टाकायचं नाही. पाढे मी विसरले. निशाच्या घरी असला कायदा नव्हता. ती आयुष्यभर अर्धं जेवून उठत आली आहे.

त्यामुळे तिसऱ्या दिवसापासून माझं डोकं ठणकत होतं, पोटात ढवळत होतं, आणि ताट लख्ख होतं. लापशी, गाजराचं सूप, चहाबरोबरचे पॉपकॉर्न, सगळं डोळे मिटून गिळलं. मला वाटलं, दोष लापशीचा. जोसेफ कौतुकाने बघायचा. निशाच्या ताटाकडे बघून मात्र मान हलवायचा.

शिखराखालच्या शेवटच्या तळावर, वाळवंटासारख्या सपाटीवर, दुपारचं जेवण झालं. रात्री शिखराकडे निघायचं होतं. जोसेफने निशाचं अर्धं सूप पाहिलं आणि सांगितलं की ती वर येणार नाही. मी येईन.

"मला फक्त गाजर आवडत नाही," निशा म्हणाली. मग मराठीत माझ्याकडे वळली. "सांग ना त्याला. मी एडिनबरात पण अशीच जेवते. गेलं वर्षभर मी याच्यासाठी जिने चढतेय यार."

मी सांगितलं. आणि एकदा तोंड उघडल्यावर पुढचंही सांगावं लागलं: आमच्या घरी ताप असला तरी ताट रिकामं होतं, तेव्हा माझ्या ताटावरही जाऊ नका. सकाळी मी खडकामागे ओकून आले होते.

जोसेफने काठीने धुळीत रेघ ओढली आणि आम्हा दोघींना टाचेला चवडा लावत तिच्यावरून चालायला सांगितलं. निशा सरळ गेली. मी रेघ सोडून तंबूच्या दोरीत गेले.

"पगाराच्या दिवशी माझा मेव्हणा असा घरी येतो," जोसेफ म्हणाला. "तू आत्ता खाली जाशील."

"मग मी पण नाही जात वर," निशा म्हणाली.

"गप बस. तू वर जा आणि फोटो नीट काढ."

त्याच्या मदतनिसाबरोबर मी दक्षिणेकडच्या वाटेने उतरले. थोडी रडले, पण प्रत्येक तासाला डोकं हलकं होत गेलं, त्यामुळे रडणं नीट जमेना. दुसऱ्या दिवशी दुपारी निशा मी थांबले होते त्या खालच्या झोपड्यांशी पोचली, ओठ फाटलेले, नाक सोललेलं.

"कसं होतं वर?"

"थंडी. आणि तीन जर्मन लोक भांडत होते." बूट काढता काढता ती थांबली. "सूर्य आला तेव्हा तुझी आठवण आली. मग बोटं बधिर झाली, तेव्हा बोटांची."

घरी आल्यावर आईने फोनवर सगळ्यांना कळवलं की पोरीने किलिमांजारो सर केला. दसऱ्याला लंडनमध्ये एजवेअरला नातेवाइकांकडे जेवायला गेलो, तिथे मी एकेकाला गाठून दुरुस्ती केली. "कशाला?" आई कुजबुजली. "तिथे तपासायला कोण जाणार आहे?"

त्या शिखरासाठी अजून वाईट वाटतं. पण जोसेफला खरं सांगितल्याचं एकदाही वाटलेलं नाही, आणि मला सहसा सगळ्याचंच वाटतं.

"मग तू नक्की केलंस काय?" एका काकांनी विचारलं.

"एका बाजूने चढले, दुसऱ्या बाजूने उतरले," मी म्हटलं. "मधलं निशाने केलं."