आत्याचा केस पेपर

मी दात साफ करायला घेण्याआधी पेशंटला त्याच्या तब्येतीबद्दल विचारायचं आणि उत्तरं केस पेपरवर लिहायची, हे सेलूच्या दातांच्या दवाखान्यातलं माझं रोजचं पहिलं काम. बीपी, शुगर, छातीचं दुखणं, दमा, तंबाखू, चालू गोळ्या. आमच्याकडं हे सरळ विचारून भागत नाही. "बीपी आहे का?" म्हटलं की माणूस "न्हाई" म्हणतो. गोळी रोज चालू असते, पण गोळीनं ते बरं राहतंय म्हणजे आता नाहीच, असं त्याचं म्हणणं. म्हणून मी "सकाळी उठल्यावर काय काय घेता?" असं विचारायला शिकले. सुरुवात चहापासून होते आणि चौथ्या-पाचव्या वाक्यात गोळी येते.

एवढं शिकलेली मी, आत्याला मात्र एकही प्रश्न विचारला नाही.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, जिंतूरला दिलेली. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं बारावीपर्यंत मी तिच्या घरी राहिले. परीक्षा आली की ती मला भांड्यांना हात लावू द्यायची नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, ती तिच्यामुळं, हे मी आजही सगळ्यांना सांगते.

ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं म्हणून ती बसनं आली. तिला बाकावर बसवलं आणि तिचा पेपर मी काउंटरवर उभ्या उभ्याच भरला. आपल्याच माणसाला काय विचारायचं? वय अंदाजानं टाकलं. खाली सगळीकडं "नाही". डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि तीनची वेळ दिली.

दुपारी जेवायच्या आधी तिच्या हातावर मी पाणी घालत होते. तिनं बांगड्या वर सारल्या, तर कोपरापर्यंत डाग. काही निळे, काही पिवळे पडत चाललेले.

"हे कशानं गं?"

"म्हशीचं दावं घासलं. जेव की तू."

दावं एकदा घासलं असेल. हे डाग वेगवेगळ्या दिवसांचे होते. जेवण तसंच टाकून उठले. हत्यारं उकळायला लावली, ट्रे दोनदा पुसला, आणि पुन्हा पुन्हा तो पेपर काढून बघितला. सगळे "नाही" माझ्या अक्षरात होते. त्यातला एकही आत्याच्या तोंडून आलेला नव्हता.

बाहेर जाऊन विचारलं, "आत्या, कुठल्या गोळ्या चालू हायत का?"

बाकावर आणखी तिघी बाया बसलेल्या. आत्या त्यांच्याकडं बघून म्हणाली, "न्हाई गं बाई. मला काय धाड भरलीय? बघा, लय शिकली ना, आता घरच्याला बी पाव्हण्यावानी इचारायलीय."

सगळ्या हसल्या. मीही हसून आत आले. घड्याळात अडीच झाले होते.

पावणेतीनला तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. दार लावलं, तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"सकाळी उठल्यावर काय काय घेतीस?"

"चहा. मग एखादी पोळी." ती खिडकीकडं बघत राहिली. "आन् पिशवीतल्या दोन."

कमरेची पिशवी सोडून तिनं पाकिटं माझ्या हातावर ठेवली. एक रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. हातावरचे डाग तिचेच असणार, आणि दात साफ करताना रक्त लवकर थांबलं नसतं.

"कधीपासून?"

"आखाडापासून. ठोके चुकतेत म्हनं. तुज्या बापाला सांगू नको, लय हलक्या काळजाचा हाय त्यो."

"ह्या गोळीवर रक्त तपासत राहावं लागतं. शेवटचं कधी तपासलं?"

तिनं पाकिटं माझ्या हातातून घेऊन परत पिशवीत घातली.

मी पेपर घेऊन डॉक्टरांपुढं उभी राहिले. "सर, हा मी न विचारता भरला." ते म्हणाले, "आज हात लावायचा नाही. तपासणी करा, आणि गोळी दिलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. गोळी मनानं बंद करायची नाही." मी एकेका "नाही"वर रेघ मारली, आत्याला विचारून शेजारी खरं ते लिहिलं, सही केली. आत्या बस धरून जिंतूरला परत गेली.

रिपोर्टमध्ये रक्त हवं त्यापेक्षा बरंच पातळ निघालं. तिच्या डॉक्टरांनी गोळी कमी केली, पुन्हा तपासलं, मग चिठ्ठी दिली. तिला खुर्चीत घेतलं तेव्हा मी आधी अर्धाच जबडा केला. हिरडीवर कापसाची घडी दाबून घड्याळाकडं बघत बसले. पहिली घडी लाल. दुसरी बदलली, फिकट गुलाबी. आत्या तोंडात कापूस धरून काहीतरी बोलायला लागली.

"गप बस," मी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

तिसरी घडी जवळजवळ पांढरी निघाली.

"झालं का? का आणखी इचारायचंय?"

"बाबांना कधी सांगणार?"

"त्ये कागदात हाय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

ती पदर सावरून उठली. मी तिला बाहेर बाकावर बसवलं आणि रक्त पुन्हा येतंय का ते बघायला थोड्या थोड्या वेळानं तोंड उघडायला लावलं. चारची बस गेली. साडेचारचीही मी जाऊ दिली.