पहिला हंडा

दोन हजार तेवीस साल. उन्हाळा. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा, मास्तरनं शाळेत टाकली ती तारीख धरली तं.

फोटो झाला अन् माह्या डोक्यावरचा हंडा त्यायनं काढून घेतला.

"झालं बाबा. द्या तो हंडा. हॉटेलचा आहे," नगरपालिकेचे साहेब म्हणाले.

माहे हात वर गेलेच नाहीत. हॉटेलच्या माणसानं मागून येऊन हंडा उचलला. पितळी हंडा. घासून लखलखीत केलेला, गळ्यात झेंडूची माळ, काठोकाठ भरलेला. "पाण्याचं काय करू?" त्यानं विचारलं. साहेब दुसऱ्या कोणाशी बोलत होते. त्यायनं नुसता हात खुर्च्यांकडं केला. तिथं पाहुण्यायच्या पायाशी धूळ उडत होती. त्या माणसानं सारा हंडा तिथं शिंपडला.

धूळ बसली.

हंडा गेला तरी माही मान ताठच. वर भार नाही अन् मान भार धरून उभी. मांडवात टाळ्या वाजल्या. त्या टँकरसाठी होत्या. टँकर नवा कोरा, निळा. त्याच्या पोटावर मोठी अक्षरं. मी चौथीपर्यंत शिकलो, अक्षराले अक्षर लावून वाचतो. 'पर्यटक करातून नागरिकांच्या सेवेत.' वाचून होईपर्यंत मांडव रिकामा झाला होता.

आमचं गाव डोंगरावर. खालच्या लोकायले ते थंड हवेचं ठिकाण. अमरावती-अकोल्याचे लोक उन्हानं भाजले की गाड्या काढून वर येतात. मी पण खालचाच, नांदगावकडच्या एका खेड्यातला. घाटाच्या रस्त्यावर गिट्टी फोडायले म्हणून आलो अन् इथलाच झालो. घाट संपला की नाका. नाक्यावर आडवा बांबू. त्याच्या लांब टोकाले दोर, आखूड टोकाले वजनासाठी दगड बांधलेला. खोपटातला बाबू पर्यटक कर घ्यायचा, मी दोर ढिला करायचो, दगडाच्या वजनानं बांबू वर जायचा. हे माहं काम. ठेकेदाराच्या हाताखाली.

मले त्या बांबूचा गर्व होता. खोटं काहून सांगू.

अकोल्याचा एखादा गाडीवाला काच खाली करून म्हणायचा, "काय बुढेबा, आपल्याच वऱ्हाडात फिराचा कर? डाकू हा का तुमी?"

मी म्हणायचो, "डाकू असतो तं गाडी सोडली असती काय बापू? हा पैसा दवाखान्यातल्या बाईले जाते. रस्त्याच्या दिव्याले जाते. तुमी पॉइंटवर चिवडा खाऊन कागद फेकसान, तो उचलनाऱ्याले जाते."

हासायचे. भरायचे.

अन् ते खरं होतं. दवाखान्यात नर्सबाई रोज बसायची. दिवे लागायचे. झाडूवाल्यायची मजुरी निघायची. रात्री वर हॉटेलाकडचे दिवे दिसले की मी बुढीले म्हणायचो, "पाह्य, माह्या बांबूनं लागले." बुढी म्हणजे माही बायको. ती म्हणायची, "दिवे पिता येतेत काय?"

कारण पाणी नव्हतं. आमचा पुरा, म्हणजे आमची वस्ती, नाक्याले लागूनच आहे. गिट्टी फोडणारे, झाडू मारणारे, हॉटेलात भांडी घासणारे, सारे इथं राहतात. होळी झाली की हातपंप हवा ओढते. बाया खाली दरीतल्या झिऱ्यावर जातात, वाटीवाटीनं हंडा भरतात.

मग ऐकलं की टँकर येणार. कराच्या पैशातून, आमच्या पुऱ्यासाठी. साहेब स्वतः नाक्यावर आले. म्हणाले, "बाबा, वस्तीत सगळ्यात वडीलधारे तुम्हीच ना? पहिला हंडा तुमच्या डोक्यावर द्यायचा आहे."

आता हे समजून घ्या. आमच्या पुऱ्यात नवं पाणी लागलं, विहीर असो की हातपंप, तं पहिला हंडा सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर देतात. त्यानं तो वाटेत टेकवायचा नाही. दारोदार जाऊन गडवा गडवा, म्हणजे तांब्या तांब्या, पाणी वाटायचं. उरलं तं आपल्या रांजणात. ज्यानं पहिला हंडा घेतला त्यानं साऱ्या पुऱ्याचं पाणी अंगावर घेतलं. पाण्यावरून भांडण झालं, त्यानं तोडायचं. कोणी तहानलं राहिलं, त्याले जाऊन विचारायचं. नाही म्हणायची सोय नाही. हातपंप लागला तेव्हा हा मान एका म्हातारीले मिळाला होता. ती मरेपर्यंत पंपापाशी बसून राहायची, काठी घेऊन.

साहेबाले आमची रीत माहीत आहे, म्हणून तं ते आले, असं मले वाटलं. दुसरं काही मनातच आलं नाही.

बुढीनं घरात होतं नव्हतं ते पाणी माह्या धोतराले लावलं. फेटा काढला, झटकला. रांजण पालथा घालून आतून पुसला अन् तोंड वर करून ठेवला. पुऱ्यात बातमी गेली. मी मांडवाकडं निघालो तेव्हा दारादारात बाया गडवे घासून उभ्या होत्या.

परत आलो तेव्हाही उभ्याच होत्या.

डोक्यावर नुसता फेटा. पहिलं दार गिरजाबाईचं. विधवा बाई, हॉटेलात भांडी घासते, जीभ विळ्यासारखी.

"काहो बाबाजी, हंडा कुठी?"

मी फेटा सारखा केला.

"वाटेतच पिऊन टाकला काय सारा?"

दोघी-तिघी हासल्या. मग माह्या तोंडाकडं पाहून थांबल्या. गिरजाबाई थांबली नाही. "घेतला न डोक्यावर? फोटू काढला न? मंग झालं. आता पानी नाई आलं तं आमी तुमालेच विचारू. रीत रीत असते."

बरोबर होतं तिचं. मी साऱ्या दारांसमोरून चालत गेलो. कोणी गडवा पुढं केला नाही, कोणी मागं घेतला नाही. घरी बुढीनं मले पाहिलं. तिनं रांजण पालथा घातला.

मले राग आला नाही. राग यायले आत काहीतरी ओलं लागते.

टँकर रोज यायचा. खालच्या तलावावर भरायचा, घाट चढून नाक्यावर यायचा, हॉर्न द्यायचा. मी दोर ढिला करायचो. बांबू वर. टँकर आमच्या पुऱ्याच्या अंगानं वर हॉटेलाकडं जायचा. त्याच्या बुडातून पाणी गळायचं. रस्त्यावर ओली रेघ राहायची, थोड्या वेळानं तीही वाळायची. हे सारं मी पाहायचो, भिंतीकडं पाहावं तसं.

डायवर महादेव, परतवाड्याचा. एक दिवस त्याले विचारलं, "आमचा दिवस कोनता?"

तो स्टेरिंगकडं पाहत म्हणाला, "बाबाजी, सीझन हाये. साहेब म्हनते, कर पाहुने देतेत तं पैले पाहुन्यायले. त्यायले पानी नाई भेटलं तं ते येतीन काहून? ते नाई आले तं कर कुठून? सीझन गेला की तुमचंच पानी हाये."

"सीझन गेला की पाऊस असते, महादेवा."

"मी डायवर हावो बाबाजी. मले नोका इचारू."

मी बांबू उचलला.

गिरजाबाई रोज कामावर जाताना नाक्यावर थांबायची. एकच शब्द. "आलं?" मी मान हलवायचो. ती जायची. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. हॉटेलात ती त्याच टँकरच्या पाण्यानं भांडी घासायची अन् घरी येऊन झिऱ्यावर उतरायची.

मग नाक्यावर फ्लेक्स लागला. बांबूच्या बाजूलेच, माह्या उंचीपेक्षा मोठा. त्याच्यावर मी. फेटा, डोक्यावर पितळी हंडा, झेंडूची माळ. खाली लिहिलेलं, 'आपला कर, यांच्या घरी पाणी.' पाहुणे गाडीतून माह्याकडं पाहायचे, फ्लेक्सकडं पाहायचे. एक अमरावतीची बाई खाली उतरली. चांगली बाई होती, मास्तरीण असन. म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच ना? बघून फार बरं वाटलं हो. नाही तर आम्हाला वाटतं पैसे कुठं जातात कोण जाणे."

मी म्हणालो, "हो, मीच."

दुसरं काय म्हणणार? मीच होतो.

एक दिवस दुपारी बुढी नाक्यावर आली. बगलेत हंडा, आमचा, जर्मनचा, बुडाशी चेपलेला. तिचे गुडघे गेले आहेत. झिऱ्यावर उतरणं आता तिच्यानं होत नाही, शेजारणी एखादा गडवा देत होत्या. त्या दिवशी कोणाकडंच नव्हतं. फ्लेक्सच्या पुढं जाऊन उभी राहिली. टँकर येईन, हात करीन, एक हंडा मागीन, एवढंच तिच्या डोक्यात.

टँकरच्या आधी साहेबाची गाडी आली. मागं पाहुण्यांच्या दोन गाड्या होत्या, बाहेरचे कोणी मोठे लोक असतील. काच खाली झाली.

"बाई, बाजूला व्हा. फ्लेक्स दिसत नाही."

बुढीले समजलं नाही. ती तिथंच.

साहेब माह्याकडं वळले. "बाबा, हिला जरा बाजूला करा."

ती माही बायको आहे हे त्यायले माहीत नव्हतं. डोक्यावर हंडा घेतलेला मी मागं, अन् माही बायको रिकामा हंडा घेऊन पुढं, अन् तिच्यामुळं माह्या डोक्यावरचं पाणी झाकलं जात होतं.

मले माही माय दिसली. नांदगावकडच्या आमच्या खेड्यात, पाटलाच्या विहिरीवर. आमाले दोर टाकायची मनाई. माय हंडा घेऊन दूर उभी राहायची, कोणी वरून ओतीन म्हणून. कधी ओतायचे, कधी नाही. वरच्या घरची बाई आली की म्हणायची, "बाजूले हो वं." माय व्हायची. मी तिच्या लुगड्याले धरून असायचो, मी पण बाजूले व्हायचो. तिथं दोर त्यायच्या हातात होता.

मी माह्या हाताकडं पाहिलं. दोर माह्या हातात होता.

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नाही होनार ती बाजूले."

खोपटातला बाबू बाहेर आला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. साहेबाचा चेहरा लाल झाला, पण पाहुण्यांपुढं ते ओरडू शकत नव्हते. हळू म्हणाले, "उद्या ठेकेदाराला सांगतो. डोक्यावर चढवून ठेवलं की असं होतं." काच वर गेली. बाबूनं माह्या हातून दोर घेऊन गाड्या सोडल्या. बुढी तिथंच उभी. टँकर त्या दिवशी थांबला नाही.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "काम गेलं काय?"

"गेल्यासारखंच."

"मंग?"

"पहिला हंडा मी घेतला हाये. काम गेल्यानं तो उतरत नाही."

ती चूल पेटवायले लागली. मी पुऱ्यात निघालो. गिरजाबाईच्या दाराशी थांबलो, म्हणालो, "उद्या सकाळी हंडे घेऊन नाक्यावर या. साऱ्यायले सांग."

"अन् पानी?"

"इचारते कोनाले? मलेच न? मंग या."

दुसऱ्या दिवशी उजाडताच उठलो. तोच फेटा बांधला. नाक्यावर गेलो अन् बांबू आडवा केला. मग आखूड टोकाचा दगड सोडला. काथ्याची गाठ जुनी, दातानं ओढावी लागली. दगड खाली पडला तसा बांबू लांब टोकाकडं जड झाला अन् खुंटात घट्ट बसला. आता दोर ढिला केला तरी तो वर जाणार नव्हता. दगड मी ढकलत पुऱ्याच्या बाजूले नेला.

बाया आल्या. हंडे रस्त्यावर बांबूपुढं मांडले. सगळ्यात पुढं गिरजाबाईचा. आमचा जर्मनचा हंडा मी माह्या हातानं सगळ्यात शेवटी ठेवला.

टँकर घाट चढून आला. भरलेला. हॉर्न दिला. परत दिला. त्याच्या मागं गाड्या थांबत गेल्या. महादेव खाली उतरला, हंड्यांकडं पाहिलं, दगड नसलेल्या टोकाकडं पाहिलं.

"बाबाजी, बांबू उचला. माही नोकरी जाईन."

"माही गेली. पानी उतरव. शेवटचा हंडा भरला की दगड बांधतो."

अन् मी फ्लेक्सकडं पाठ करून बांबूवर बसलो.