आईचं चिल्लावणं

माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिका पुण्याहून नव्यानंच नागपुरात आल्या होत्या. गेल्या वर्षी त्यांनी मला फोन करून शाळेत बोलावलं. "येताना आजींनाही आणाल का?" असं जरा अवघडूनच म्हणाल्या. मुलीनं वर्गात सांगितलं होतं, आमची आजी दिवसभर चिल्लावते. बाईंच्या लेखी चिल्लावणं म्हणजे ओरडणं, आणि लेकरावर ओरडणं म्हणजे रागावणं. पोर घरात भेदरून राहते की काय, अशी काळजी त्यांना लागली होती.

आई उमरेडची, विणकरांच्या घरातली. तिच्या माहेरी एकाच खोलीत दोन हातमाग चालायचे. त्या खटखटीत चहा हवा का, हेसुद्धा चिल्लावूनच विचारावं लागे. पुढं माग बंद झाले, आम्ही प्रताप नगरात फ्लॅटमध्ये राहायला आलो, पण तिचा आवाज काही खाली आला नाही. जेवायला बोलावणं, कौतुक, आरती, सगळं त्याच पट्टीत.

शाळेत बाईंनी हळूच विचारलं, "आजी, तुम्ही हिच्यावर ओरडता का हो?"

"चिल्लावते ना, रोज," आई म्हणाली. "पण राग नाही करत. मले राग आला तं मी चूप बसते. घरातले त्यालेच भेतात."

मी मान हलवली. ते अगदी खरं होतं.

बाई तरी गोंधळलेल्याच. आई उठली आणि व्हरांड्यात गेली. मैदानाच्या पार टोकाला मुली खो-खो खेळत होत्या.

"पोरी, इकडं ये वं!"

खेळ थांबला. आमची मुलगी हसत सुटली, मैदान ओलांडून धावत आली आणि आजीच्या कमरेला बिलगली. मागोमाग तिच्या मैत्रिणी आल्या. "आजी, मलेपण तसाच आवाज द्या ना," एक म्हणाली. आईनं एकेकीचं नाव विचारलं आणि त्या नावानं शाळा दणाणून सोडली. बाई हसू लागल्या. मुलींच्या सामन्याला याल का, असं त्यांनीच आईला विचारलं.

सामन्याच्या दिवशी आई कडेला उभी राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत चिल्लावली. आमच्या मुली थोडक्यात हरल्या, तरी तिचा आवाज उतरला नाही. पुढं बसलेल्या एका गृहस्थांनी वळून विचारलं, "कोण आहेत या?"

"माझी आई," मी म्हणाले. मीही बरीच मोठ्यानं बोलले असणार, कारण आणखी चारजणांनी वळून पाहिलं.