तांबेसाहेबांची घरची बियर

भंगाराच्या धंद्यात माल उचलला जातो, किस्से पडून राहतात. पत्रा जातो, रद्दी जाते, बाटल्या जातात. किस्से कोणी किलोवर घेत नाही. पनवेलला एसटी स्टँडमागे माझी वखार. इतक्या वर्षांत बरेच साठलेत. आज थोडे मोकळे करतो.

हे सगळे नव्वदच्या आसपासचे. रविवारी संध्याकाळी तिघे माझ्याकडे बसायचे. तांबेसाहेब, सरकारी कचेरीत हेडक्लार्क. हिरा कोळी, मूळचा उरणचा, मासळीचा टेम्पो चालवायचा. आणि इस्माईलभाई बेकरीवाला. पहिले दोघे बियर प्यायचे. इस्माईलभाई चहा. मी पीत नाही, आणि पिणाऱ्याला उपदेशही करत नाही. माझा नियम एकच होता. "प्या, पण रिकामी बाटली इथेच ठेवून जायची!"

*

बजेट आलं की माणसं रॉकेलचं काय झालं, साखरेचं काय झालं ते बघतात. तांबेसाहेब बियरचं बघायचे. ती दर वर्षी वाढायचीच. त्या वर्षी जरा जास्तच वाढली.

साहेब वखारीत आले ते मयताला आल्यासारखे. दारात चप्पल काढली, मान खाली घातली.

मी म्हटलं, "साहेब, चप्पल घाला. इथे काचा आहेत."

हिरा म्हणाला, "सायब, एवढं कशाला मनाला लावून घेता? देशी घ्या. ती आपल्याला सोडत नाय."

तांबेसाहेब ताठ झाले. "हिरा, मी दारू पीत नाही. मी बियर पितो!"

*

मग दोघांत एक बाटली सुरू झाली. वाटणीत भांडण नको म्हणून साहेबांनी ऑफिसातली फूटपट्टी आणली. ग्लासला लावून मापायचे.

पहिल्याच रविवारी प्रश्न आला, फेस धरायचा की सोडायचा?

साहेबांचं म्हणणं, फेस खाली बसेपर्यंत थांबू. हिराचं म्हणणं, तोवर बियर गरम होते. वाद चढत गेला. पाऊण तास झाला, ग्लासांना कोणी हात लावेना.

शेवटी हिरा ओरडला, "फेस सायबाला द्या! सायब हाय ना तो!"

त्याच रात्री तांबेसाहेबांनी जाहीर केलं, "यापुढे मी बियर घरी बनवणार. सरकारला एक पैसा द्यायचा नाही."

सरकारचा पगार घेणारा माणूस हे बोलत होता.

*

बियरला जव लागतात, असं साहेबांनी कुठेतरी वाचलं होतं. ते बाजारात गेले आणि धान्याच्या दुकानात पाच किलो जव मागितले.

आपल्याकडे जव कोण घेतं? ज्याला मुतखडा झाला तो. उकळून पाणी पितो. दुकानदाराने हळहळून विचारलं, "साहेब, कधीपासून त्रास आहे?"

बियर करतो म्हणायची सोय नव्हती. तो गुन्हा. केस झाली तर सरकारी नोकरी जाणार. साहेब म्हणाले, "आहे थोडा."

दोन दिवसांत पनवेलभर झालं. तांबेसाहेबांना मुतखडा, तोही पाच किलोचा! कचेरीतली माणसं शहाळी घेऊन घरी आली. कोणी कुळीथ दिले, कोणी अंगारा लावला. शेवटी त्यांचे मोठे साहेब स्वतः आले. दार लोटून घेऊन हळूच म्हणाले, "तांबे, घरगुती उपाय सोडा. रोज एक बियर घ्या. खडा पडतो."

तांबेसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, परवडत नाही हो!"

*

यीस्ट इस्माईलभाईकडे मिळतं. साहेब बेकरीत गेले.

"साहेब, पाव घरी करणार काय? मग मी कुठे जाऊ?"

साहेबांनी कानात सांगितलं.

"तोबा!" इस्माईलभाई मागे सरकला. "माझं यीस्ट शरीफ आहे. आजपर्यंत नानकटाईच्या वर गेलेलं नाही."

पण दोस्ती होती. पुडी बांधून दिली आणि म्हणाला, "केकसाठी दिलं, असं मी समजतो. तुम्ही पण समजा."

पुढे रोज रस्त्यात भेटला की मोठ्याने विचारायचा, "साहेब, केक फुगला काय?"

*

भरायला बाटल्या हव्यात म्हणून माझ्याकडे आले. मी भाव सांगितला.

"मामा, रिकामी बाटली एवढी महाग?"

"बियर महाग झाली, साहेब. लोक कमी पितात. बाटल्या कमी येतात."

"हा अन्याय आहे!"

"अजून तुम्ही एकटेच घरी करताय. सगळे करायला लागले तर भाव आणखी चढेल."

साहेबांनी रोख दिले. मी उधारी ठेवत नाही.

*

पहिली बियर आली. रंग तळ्याच्या पाण्याचा. तांबेसाहेब स्वतः अर्धा ग्लास प्यायले आणि बराच वेळ एसटी स्टँडकडे बघत राहिले.

इस्माईलभाईने नुसता वास घेतला. "पाव चांगला होईल याचा."

हिराने एक घोट गिळला, छातीवर हात ठेवला. "सायब, मुतखडा पडंल. पन त्याच्यासंगं बाकीचं पन पडंल!"

साहेब लाल झाले. "पुढच्या रविवारी बघा. दुकानची विसराल."

*

आणि खरंच, पुढच्या रविवारी आलेली बियर सोन्यासारखी. नितळ, वर फेस. साहेब छाती काढून बसले.

हिराने चव घेतली, मान डोलावली. "सुधारली. पन सायब, खरं सांगू? दुकानच्या बियरची सर नाय!"

साहेबांनी आपला ग्लास एका दमात संपवला.

दुसऱ्या दिवशी तांबेवहिनी पिशवी घेऊन वखारीत आल्या. आत बियरच्या बाटल्यांची लेबलं. ओली, खरवडलेली.

"मामा, ही रद्दीत जातात का?"

"ओला कागद घेत नाही, वहिनी."

त्या तिथेच स्टुलावर बसल्या. "काल सकाळी नळाखाली बसून लेबलं काढली. नखं गेली माझी. दुकानातून आणायची, लेबल खरवडायचं, झाकण काढून बूच लावायचं, आणि घरची म्हणून इथे आणायची. आधी दोघांत एक आणायचे, आता चार आणतात. मी म्हटलं, सरळ सांगा ना, जमली नाही म्हणून. तर म्हणतात, नोकरी गेली तरी चालेल, पण त्या हिराकडून ऐकून घेणार नाही."

मी लेबलं ठेवून घेतली आणि जाळली. गिऱ्हाइकाच्या मालाबद्दल मी बाहेर बोलत नाही.

*

असे बरेच रविवार गेले. मग कोणीतरी चौकीत जाऊन सांगितलं.

हवालदार वखारीत आला तेव्हा तिघे बसलेले होते. बादलीत बर्फ, बर्फात चार बाटल्या, एकीलाही लेबल नाही.

"बियर घरी कोण बनवतं?"

इस्माईलभाईने आपला चहाचा कप पुढे करून दाखवला. हवालदार माझ्याकडे वळला. "मामा, या बाटल्या कुणाच्या?"

"बाटल्या मी विकल्या. आतलं मी बघत नाही."

तांबेसाहेब उभे राहिले. "मी बनवतो."

"साहेब, विचार करून बोला. नोकरी जाईल."

"मी बनवतो. माझ्या हाताने."

हवालदाराने ग्लास उचलला. वास घेतला. एक घोट घेतला. मग आणखी एक, जरा मोठा. त्याचा चेहरा मोकळा झाला. "अहो, काय साहेब! ही तर…"

साहेबांनी त्याचा दंड धरला आणि ओढत माझ्या वजनकाट्यापाशी आणला. तिथे मी होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"हवालदारसाहेब, पाया पडतो. केस करा, बेडी घाला. पण त्या दोघांसमोर दुकानची म्हणू नका."

हवालदाराने दंड सोडवून घेतला. मग परत बादलीपाशी गेला, ग्लास आपटला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "घरचीच आहे! केस करायच्याही लायकीची नाही. सगळी गटारात ओता, आत्ता, माझ्यासमोर!"

साहेबांनी चारही बाटल्या स्वतः ओतल्या. एकेक, हळूहळू, मान ताठ ठेवून. गटारावर पांढरा फेस आला.

हिराला राहवलं नाही. जवळ जाऊन त्याने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, सायब. पुढच्या टायमाला जव जरा जास्त टाका."

"टाकतो," तांबेसाहेब म्हणाले.